घाई होती, तर कालच यायचं!

(बुसान, जागालची मासळीबाजार)

"ओइसो! बोइसो! साइसो!" या, बघा, घ्या. रबरी बूट चढवून बसलेल्या या मावशी भांडत नाहीयेत, गिऱ्हाईक बोलावताहेत. बुसान म्हणजे दक्षिण कोरियाचा आग्नेय कोपरा, ग्योंगसांग मुलूख. बोली चढउतारांची, आवाज खणखणीत. सोलचा माणूस पहिल्यांदा इथं येतो तेव्हा दचकतोच. आता मावशींचा हात बघा. "जेवलास का?" असं पोरावर खेकसता खेकसता वाटी त्याच्यापुढं सरकवलीसुद्धा.

(गोंगजू, बाजारपेठ)

गुम नदीकाठचं गोंगजू, चुंगचोंग प्रांत. इथं तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. भाव पाडून मागितला तर कलिंगडवाला म्हणे फळ उचलून जागेवर ठेवतो आणि म्हणतो, "राहू दे हो, डुकरांना घालीन." मागून हॉर्न वाजवत बसलेल्या ड्रायव्हरला इथला माणूस गाडीतून उतरून शांतपणे विचारतो, "एवढी घाई होती, तर कालच नाही का यायचं?" किस्सेच हे, पण सगळा देश ते सांगतो, आणि चुंगचोंगवाल्यांना मंद म्हणून हसतो. आम्हाला हा मंदपणा वाटत नाही. समोरच्याचा मान राखून त्याला पुरता गार करणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

(गोंगसानसंग किल्ला)

हा तट मूळचा मातीचा; दगडी बांधकाम नंतरच्या जोसन राजवटीतलं. 475 साली उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्यानं बेक्जे राज्याची हान नदीकाठची राजधानी घेतली, राजाला मारलं, आणि बेक्जेनं इथं बस्तान हलवलं. 538 मध्ये पुन्हा मुक्काम हलला, तो साबीला, म्हणजे आजच्या बुयोला. 660 मध्ये शेजारच्या शिल्ला राज्याच्या आणि चीनच्या तांग घराण्याच्या फौजांनी तेही बुडवलं. आज एकाचा अंमल, उद्या दुसऱ्याचा. म्हणून इथला माणूस मनातलं चटकन ओठावर आणत नाही, असं लोक सांगतात. पुरावा मागू नका. या तटावरून नदीचं वळण पाहिलं, की पटतं खरं.

(रेल्वे स्थानक)

देशाची निम्मी वस्ती आता सोल आणि आसपासच्या पट्ट्यात आहे. नोकरीसाठी तिकडं निघालेली बरीच पोरं गावची बोली फलाटावरच ठेवून जातात. डब्यातला हा पोरगा मात्र आईशी फोनवर गावच्याच बोलीत बोलतोय. तो बुसानचा आहे, हे अख्ख्या डब्याला कळलं असणार.