यादी एकाच्याच हाती

(दारव्हा तालुक्यातल्या एका वाचनालयात तरुण अभियंते आणि बीसीएच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी बरेच जण गावातूनच पुण्या-नागपूरच्या कंपन्यांचं काम करतात. काहींना कंपनीनं सांगितलंय, प्रॉडक्ट ओनरचं प्रमाणपत्र काढा. स्क्रम म्हणजे छोट्या टीमनं थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची एक पद्धत, आणि तीत कोणतं काम आधी करायचं हे ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर. तेव्हा परीक्षेचं आधीच बोलून टाकतो. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेच्या पीएसपीओ-1, म्हणजे ‘प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर’च्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत 60 मिनिटांत 80 प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला 85 टक्के लागतात. म्हणजे 68 उत्तरं बरोबर हवीत आणि एका प्रश्नाला पाऊण मिनिट. क्लास लावायची सक्ती नाही. स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसपीओ (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर) प्रमाणपत्रासाठी मात्र प्रशिक्षण घ्यावंच लागतं.

अभ्यासाला पुस्तकांचा ढीग लागत नाही. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांची ‘स्क्रम गाइड’ ही स्क्रमची नियमपुस्तिका फुकट मिळते, ती आधी वाचा. नोव्हेंबर 2020 ची आवृत्ती पंधरा पानांचीही नाही. टेलिग्रामवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांत ‘डेव्हलपमेंट टीम तीन ते नऊ जणांची’ असं दिसलं, की तो संच जुना समजून बाजूला ठेवा. आता एकच स्क्रम टीम, साधारण 10 किंवा त्याहून कमी माणसांची. तीत एक प्रॉडक्ट ओनर, टीम स्क्रम नीट पाळते ना हे बघणारा एक स्क्रम मास्टर आणि बाकी प्रत्यक्ष काम करणारे डेव्हलपर.

पाठांतरानं ही परीक्षा निघते, पण प्रॉडक्ट ओनर कळत नाही. म्हणून आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. समजा, एक शेतकरी उत्पादक कंपनी अ‍ॅप बनवतेय. कास्तकारानं कापूस आणायचा दिवस आधीच घ्यावा, जिनिंगपुढं बंड्या-ट्रॅक्टरची रात्रभर रांग लागू नये, एवढाच हेतू. हे झालं प्रॉडक्ट गोल. आता संचालक मंडळ बसतं. एकाला अ‍ॅपमध्ये बाजारभाव पाहिजे, दुसऱ्याला हवामान, तिसऱ्याला पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो. फोटोवाले सगळ्यात जोरात बोलतात, हे तुम्हाला सांगायला नको.

इथं गाइड ठाम आहे. प्रॉडक्ट ओनर हा एक माणूस असतो, समिती नसते. करायच्या कामांची एक यादी असते, तिला प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणतात. तीत कोणतं काम आधी, कोणतं मागे, हा क्रम त्याचा. कुणाला क्रम बदलायचा असेल, तर त्यानं प्रॉडक्ट ओनरला पटवून द्यायचं. डेव्हलपरला परस्पर फोन करून ‘तेवढं माझं आधी कर ना बापा’ म्हणायचं नाही. यादी लिहायचं काम तो दुसऱ्याकडं सोपवू शकतो, पण जबाब त्यालाच द्यावा लागतो. आणि संस्थेनं त्याचा निर्णय मानला नाही, तर हे पद नुसतं पाटीपुरतं उरतं. आपल्याकडं अडतं ते इथंच. जबाबदारी एकाला देतात आणि निर्णय पाच जण घेतात.

यादीतलं एकच काम जवळून बघू. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेते तो 8 ते 12 टक्के ओलाव्याचा. त्यावर गेला तर गाडी परत. पहिल्या वेचणीचा कापूस दवानं ओला असतो, आणि पंचवीस किलोमीटरवरून आणलेली गाडी परत नेणं काय असतं, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेव्हा दिवस ठरला की ओलाव्याची सूचना आदल्या संध्याकाळी कास्तकाराच्या फोनवर जावी, असं काम यादीत येतं. प्रॉडक्ट ओनर ते वर आणतो आणि अध्यक्षांचा फोटो खाली जातो. मग डेव्हलपर विचारतात, साधा फोन असेल तर? इंटरनेट नसेल तर? बोलता बोलता ठरतं की मराठीत साधा एसएमएस पाठवायचा. यादीतलं काम असं बोलून नेमकं करण्याला रिफाइनमेंट म्हणतात. ते सतत चालतं, पण स्क्रमच्या पाच इव्हेंटमध्ये मोडत नाही. परीक्षेत हे हमखास विचारतात.

स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या एका फेरीत, किती कामं घ्यायची, हे मात्र डेव्हलपर ठरवतात. ‘दहा घ्याच’ म्हणायचा अधिकार प्रॉडक्ट ओनरला नाही. कोणत्या वावरात काय पेरायचं ते एकानं ठरवावं, तास कसं धरायचं ते तास धरणाऱ्यानं. तुलना इथंच थांबवतो, कारण डेव्हलपर कुणाचा सालदार नसतो. आणि एसएमएस ‘झाला’ केव्हा म्हणायचं? तो खऱ्या फोनवर पोचला, अक्षरं फुटली नाहीत, तारीख बरोबर आली, हे सगळं टीमच्या डेफिनिशन ऑफ डनमध्ये, म्हणजे काम पूर्ण म्हणायच्या अटींत, असेल तर ते झाल्यावरच. ‘नव्वद टक्के झालंय’ याला स्क्रममध्ये जागा नाही.

आता समजा, या कंपनीनं एका स्प्रिंटचा गोल ठरवला: सीसीआयच्या खरेदीसाठी आपल्याच अ‍ॅपवरून नोंदणी. काम सुरू झालं आणि मध्येच सीसीआयनं स्वतःचं ‘कपास किसान’ अ‍ॅप आणलं. 2025-26 च्या हंगामात नोंदणी आणि दिवस घेणं त्यावर गेलं. मग या गोलला अर्थच उरला नाही. स्प्रिंट रद्द कोण करू शकतो? संचालक नाही, स्क्रम मास्टर नाही, डेव्हलपर नाही. फक्त प्रॉडक्ट ओनर, आणि तेही स्प्रिंट गोल कालबाह्य झाला तरच. काम अवघड जातंय, हे कारण चालत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. डेली स्क्रम ही रोजची बैठक, 15 मिनिटांची आणि ती डेव्हलपरांची. प्रॉडक्ट ओनर स्वतः स्प्रिंट बॅकलॉगमधलं, म्हणजे त्या स्प्रिंटसाठी घेतलेल्या यादीतलं, काम करत असेल, तर डेव्हलपर म्हणून तीत बसतो. एक महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त आठ तास, झालेलं काम दाखवायचा रिव्ह्यू चार, आणि आपण काम कसं केलं ते तपासायची रेट्रोस्पेक्टिव्ह तीन. कामाचा अंदाज बांधायचे स्टोरी पॉइंट, उरलेलं काम दाखवणारा बर्नडाउन आलेख ही चांगली साधनं आहेत, पण गाइड त्यांची सक्ती करत नाही. नुसत्या तयारीची ‘स्प्रिंट झिरो’ तर गाइडमध्ये नाहीच.

एका मुलीनं विचारलं, “सर, आमच्याकडं प्रॉडक्ट ओनरच रोज सकाळी काम वाटून देतो. मग परीक्षेत काय लिहू?” परीक्षेत गाइडप्रमाणं लिहायचं. कंपनीत एकदम भांडू नको. येत्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये एवढंच विचार, की पंधरा दिवस आम्हीच काम वाटून घेऊन बघू का?

पीएसपीओ-1 ची फी 200 डॉलर आहे, तेव्हा घाई नको. स्क्रम डॉट ऑर्गवर ‘प्रॉडक्ट ओनर ओपन’ ही सराव चाचणी फुकट आहे. ती सलग पैकीच्या पैकी येईपर्यंत द्या. आणि खऱ्या परीक्षेला बसताना आपल्या फिडरवरच्या भारनियमनाची वेळ आधी बघा.