एक चॅनल धरा आणि पहिल्यापासून बघा

नमस्कार मंडळी. आजी-आजोबा, काका-काकू, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली पोरं, तुम्हालाही नमस्कार. आजचा विषय यूट्यूबवर सलग बसून बघावीत अशी चॅनल्स, आणि विषय ऐकल्याबरोबर दोन-चार आयांच्या कपाळावर आठी पडली ती मला इथून दिसली, कारण घरोघरी ओरड हीच आहे की पोरं स्क्रीन सोडत नाहीत. तरी मी सांगते की बडोद्यात वाढणाऱ्या मराठी मुलांनी मराठी व्हिडिओ आत्ता बघतात त्यापेक्षा जास्त बघावेत, फक्त इकडचा एक तिकडचा एक असं न करता एक चॅनल धरून पहिल्यापासून बघावं, आणि होईल तितकं घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून बघावं.

कारण साधं आहे. आपल्या मुलांना शाळेत गुजराती आणि इंग्लिश, सोसायटीत हिंदी, आणि मराठी मिळते ती घरात, ती पण रोजची ठरलेली, जेवलास का, दप्तर आवर, आजीला पाणी दे. पारावर थट्टा कशी चालते, दोन भाऊ बांधावरून कसे भांडतात, एखादा प्रयोग कुणी मराठीत कसा समजावून सांगतं, हे त्यांच्या कानावर पडायला जागाच नाही. पुण्या-कोल्हापूरच्या पोराला हे बसस्टॉपवर उभ्या उभ्या मिळतं, आपल्याला मुद्दाम घरात आणावं लागतं.

आणि पडद्यावर बघून शिकणं बडोद्याला नवीन नाहीये हो. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, त्याने संस्थानात ग्रंथालयांचं खातं उभं केलं, आणि त्याच खात्यात पुढे एक शाखा अशी होती की ज्यांना वाचता येत नाही अशा लोकांना मॅजिक लँटर्न, म्हणजे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर चित्रं पाडायचं यंत्र, आणि सिनेमा दाखवून चार गोष्टी सांगायच्या. दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले, फोटोग्राफीचं त्यांचं शिक्षण इथलं. म्हणजे आपण टीव्हीवर यूट्यूब लावून मुलांना बसवलं तर गावाच्या परंपरेला धरूनच आहे.

आता चॅनल्स. सुरुवात स्वयंपाकघरातून, कारण तिथे कुणाचा वाद होत नाही. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’, 2020 मध्ये नातवाने पावभाजी मागितली आणि तिथून सुरू झालेलं. रेसिपी बघायचीच, पण मला त्यांचं बोलणं जास्त आवडतं, नगरी हेल, कुठे घाई नाही, हात चालू आणि तोंड चालू. मधुरा बाचल यांचं मधुराज रेसिपी तर तुम्हाला माहितीच आहे, 2009 मध्ये अमेरिकेत असताना त्यांनी सुरू केलं, मराठी चॅनल नंतर आलं. ज्या नव्या सुनांना मापात सांगितलेलं लागतं त्यांनी मधुराताई बघाव्यात, आणि ज्यांना अंदाजाने घालायचं धाडस शिकायचंय त्यांनी आजी.

गावाकडचं ऐकायचं असेल तर बारामती भागातली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आणि कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’, या दोन वेबमालिका. इथेच माझा सलग बघण्याचा हट्ट आहे. माझी भाची दहावीत आहे, मैत्रिणींत पूर्ण गुजरातीत बोलते, तिला चांडाळ चौकडीचा पहिला भाग लावून दिला तर दर मिनिटाला पॉज करून आत्या हे काय म्हणाले, आत्या ते काय. दुसऱ्या भागालाही तेच. पण चार-पाच भाग झाल्यावर रामभाऊ, सुभाषराव ही माणसं ओळखीची झाली, कोण कधी चिडणार हे तिला आधी कळायला लागलं आणि रिमोट आपोआप खाली राहिला. सुटा एकच व्हिडिओ बघून हे झालं नसतं, कान बसायला तीच तीच माणसं परत परत भेटावी लागतात.

तळकोकणासाठी प्रसाद गावडे यांचं ‘कोकणी रानमाणूस’. इंजिनीअरिंग शिकलेला सिंधुदुर्गातला तरुण, रानातून चालत चालत रानभाज्या, देवराया, जुनी मातीची घरं दाखवतो आणि हे टिकलं पाहिजे म्हणून तळमळीने बोलतो. सुट्टीत कोकणात जायचा बेत असेल तर आधी महिनाभर हे बघा, नाहीतर पोरं नुसता बीच बघून परत येतात.

मोठ्या मुलांना भाडिपा, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, सांगायची गरज नाही, 2016 पासून आहे, पण त्यातली रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांची आई-मुलाची मालिका पालकांनीही बघावी असं मला मनापासून वाटतं, मुलांशी काही विषय काढायला जीभ रेटत नाही तिथे तो व्हिडिओ निम्मं काम करतो. आजोबा लोकांना मुलाखती आवडतात, त्यांनी थिंक बँक लावावं.

माझं सगळ्यात लाडकं मात्र अरविंद गुप्ता यांचं काम. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस टाकाऊ वस्तूंची खेळणी करून विज्ञान शिकवत राहिला, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजातही आहेत. त्यातली मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबर बँड, एक चुंबक आणि इनॅमलवाली, म्हणजे वरून वीज अडवणारा लेप असलेली तांब्याची तार, एवढंच सामान. तारेचं कॉइल करायचं, आणि गंमत पुढे आहे, दोन्ही टोकांवरचं इनॅमल तीन बाजूंनी खरवडायचं आणि चौथ्या बाजूला तसंच ठेवायचं, म्हणजे फिरताना करंट लागतो, तुटतो, परत लागतो. सगळीकडून खरवडलं तर कॉइल नुसतं डोलतं आणि थांबतं. ब्लेड मोठ्यांनी हातात घ्यायचं, म्हणजे बाबांनाही शेजारी बसावंच लागतं.

एक चॅनल बिनभाषेचं सांगते, प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा जॉन प्लांट 2015 पासून जंगलात उघड्या पायाने झोपड्या, भट्ट्या, मातीची कौलं बनवतो, तोंडातून एक शब्द काढत नाही, माहिती हवी तर सबटायटल सुरू करायची. आमच्या शेजारचे आजोबा, मूळचे राजापूरकडचे, एरवी टीव्हीसमोर गप्प असतात. कौलांचा व्हिडिओ लागला आणि ते बोलायलाच लागले, पावसाच्या आधी घराची शाकारणी कशी व्हायची, वर कोण चढायचं, खालून कौलं झेलत कोण द्यायचं, फुटकी कुठे रचायची, आणि पोरं टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत होती. तेव्हापासून हे चॅनल मी आजोबा असलेल्या घरी आवर्जून सुचवते.

बघायचं कसं, तर चॅनलवर जाऊन व्हिडिओच्या पानावर ‘ओल्डेस्ट’ दाबा किंवा प्लेलिस्ट लावा, आणि ऑटोप्ले बंद करा, नाहीतर पुढचं काय ते मशीन ठरवतं आणि तिसऱ्या व्हिडिओला आपण भलतीकडेच पोचतो. शॉर्ट्सचं मला पटत नाही, तीस-चाळीस सेकंदात कुणाचा हेल कानात बसत नाही. आणि मोबाईल नको, टीव्हीच हवा, मोबाईल एकाचाच असतो.

कार्यकारिणीशी बोलून ठरलंय की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता याच हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा, दोन तास, एकच चॅनल. पहिल्या वेळी अरविंद गुप्तांची खेळणी, तेव्हा घरातल्या जुन्या सायकल ट्यूब आणि रिकाम्या काडेपेट्या जमवून ठेवा. दाराशी टेबलावर वही ठेवलीये, जाताना प्रत्येक घराने आपल्या आवडीचं एक चॅनल लिहायचं आणि कुठल्या भागापासून सुरू करावं तेही लिहायचं. गुजराती चॅनल असेल तरी लिहा, सेव उसळीचं चांगलं चॅनल कुणाला माहिती असेल तर ते मला स्वतःला हवंय.