फावडं, गाजर आणि जहाज

(दृश्य : संपूर्ण पडदाभर एक जुनं पोस्टर. आवाज नाही. मग माती उकरल्याचा आवाज.)

नीट बघा. माणसाचा चेहरा यात नाहीच. गुडघ्याखालचा एक पाय आहे, जाडजूड बूट आहे आणि त्या बुटाखाली मातीत घुसणारं फावडं. सोबत तीन शब्द : डिग फॉर व्हिक्टरी. जिंकायचंय ना, मग खणा.

ब्रिटनमधलं हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं सरकारी पोस्टर. ते सैनिकासाठी नव्हतं. ज्याच्या घरामागे चार हात जागा आहे, त्या कारकुनासाठी होतं, शिक्षकासाठी होतं, घरातल्या आजीसाठी होतं. आज हे चित्र मगांवर आणि टी-शर्टांवर मिळतं. बघून गंमत वाटते, थोडं गोडही वाटतं. पण ज्यांनी ते छापलं, त्यांच्या डोक्यात भाजी नव्हती. त्यांच्या डोक्यात जहाजं होती.

(दृश्य : अटलांटिकवरची मालवाहू जहाजं, कृष्णधवल.)

युद्धाआधी ब्रिटन दरवर्षी सुमारे २ कोटी टन खाद्यपदार्थ बाहेरून आणत असे. गहू कॅनडातून, लोणी न्यूझीलंडहून, मांस अर्जेंटिनाहून, चहा आसाम आणि सिलोनमधून. साम्राज्य मोठं होतं, पण घरचं कोठार समुद्रापलीकडे होतं. आणि त्या समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. गव्हाचं एक जहाज येतं, तेव्हा रणगाड्यांचं एक जहाज मागे राहतं, असा हा सरळ हिशेब.

अब्राम गेम्स या चित्रकारानं सैन्यासाठी केलेल्या एका पोस्टरवर हा हिशेब उघडपणे मांडला होता. फावडं आणि जहाज एकाच आकृतीत जोडलेलं, आणि शब्द : जहाजं नकोत, फावडी वापरा. इतकं कमी बोलून इतकं सांगणारं चित्र मी तरी फार थोड्या वेळा पाहिलंय.

३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं. महिन्याभरातच कृषिमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना सांगितलं की परसात, मोकळ्या जागेत, मिळेल तिथे भाजी लावा. हे नाव लक्षात ठेवा. डॉर्मन-स्मिथ. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत, फार वेगळ्या ठिकाणी.

(दृश्य : टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातले भाजीचे वाफे.)

लोकांनी खरंच खणलं. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाजी लागली. हाइड पार्कात डुकरं पाळली गेली. नगरपालिकांकडून भाजी पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांची संख्या १९३९मध्ये ८ लाखांच्या थोडी वर होती, ती १९४३पर्यंत १४ लाखांवर गेली.

पण भाजी पिकवणं सोपं, खायला लावणं अवघड. हे आपल्याकडच्या कुठल्याही आईला विचारा.

(दृश्य : डॉक्टर गाजर. टोप हॅट, चष्मा, हातात औषधांची बॅग.)

हे डॉक्टर कॅरट. ‘मुलांचा जिवलग मित्र’ अशी यांची जाहिरात. बॅगेवर लिहिलंय ‘व्हिटॅमिन ए’. यांचे जोडीदार पोटॅटो पीट, गवताची काडी तोंडात धरलेला हसरा बटाटा. गाजरांचं प्रकरण इतकं वाढलं की अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनंही गाजराचं एक अख्खं कुटुंब चितारून पाठवलं.

गाजर आणि बटाटाच का? कारण ते ब्रिटिश मातीत भरपूर पिकत होते आणि त्यांना जहाज लागत नव्हतं. साखर मात्र रेशनवर होती, म्हणून गोडासाठी गाजराचा केक, गाजराचा जॅम. गाजराचा हलवा त्यांना कुणी सांगितला असता तर? पण त्याला तूप, दूध आणि साखर लागते. तिन्हीचा तुटवडा. राहू दे.

गाजरासोबत आणखी एक गोष्ट फिरली. रात्री जर्मन विमानं पाडणारा वैमानिक जॉन कनिंगहॅम, टोपणनाव ‘मांजराच्या डोळ्यांचा’. वर्तमानपत्रं सांगू लागली, आपले वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं. त्याच्या विमानात खरं तर रडार होतं आणि ते गुपित होतं. गाजराची कथा शत्रूला फसवायला मुद्दाम पेरली की आपोआप वाढली, यावर वाद आहे. जर्मन फसले असतील असं मला वाटत नाही. फसले ते घरचेच. हवाई हल्ल्यांच्या भीतीनं शहरं रात्री मिट्ट काळोखात असत, लोक फुटपाथवरून पडत, गाड्यांखाली येत. अशा वेळी ‘गाजर खा, ब्लॅकआउटमध्ये नीट दिसेल’ हे पोस्टर कुणाला पटणार नाही?

‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण ज्याच्या पोटात ते पुरेसं आहे, त्यानं टोपलीभर गाजरं खाल्ली तरी घुबडाचे डोळे येत नाहीत.

(दृश्य : लॉर्ड वुल्टन, हसरा चेहरा, मायक्रोफोनसमोर.)

या सगळ्या मोहिमेचा चेहरा म्हणजे लॉर्ड वुल्टन. एप्रिल १९४०मध्ये अन्नमंत्री झाले. त्याआधी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सचे व्यवस्थापक. म्हणजे मूळचा दुकानदार माणूस, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी पात्रता. गिऱ्हाइकाला दटावून माल खपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी सव्वाआठला बीबीसीवर पाच मिनिटं स्वयंपाकाचा कार्यक्रम. वर्तमानपत्रांत दर आठवड्याला पाककृती. आणि लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य शेफनं बसवलेला ‘वुल्टन पाय’, म्हणजे भट्टीत भाजलेला सारण भरलेला पदार्थ : बटाटा, गाजर, फ्लॉवर, स्वीड नावाचा सलगमासारखा कंद, ओट, वरून बटाट्याचंच आवरण. मांसाचा तुकडा नाही. लोकांनी या पायची यथेच्छ टिंगल केली. पण खाल्ला.

सार्वजनिक स्वस्त जेवणघरांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सरकारी कागदांत त्यांचं नाव होतं ‘सामुदायिक भोजन केंद्र’. चर्चिल म्हणाले, हे नाव ऐकून कम्युनिझम आणि वर्कहाउस, म्हणजे गरिबांकडून काम करून घेणारं आश्रयघर, आठवतं. त्याला ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ म्हणा. तेच जेवण, तीच रांग, नाव बदललं आणि लोक ताठ मानेनं आत गेले.

(दृश्य : तागडी. एकेक जिन्नस ठेवला जातो.)

आता पोस्टरच्या मागे काय होतं ते बघू. ८ जानेवारी १९४०पासून रेशन. माणशी आठवड्याला साधारण ११३ ग्रॅम बेकन, २२७ ग्रॅम साखर, ५६ ग्रॅम लोणी, तेवढंच चीज. अंडं एक, तेही मिळालं तर. आणि चहा? आठवड्याला ५६ ग्रॅम. आपल्याकडे एवढ्यावर क्रांती झाली असती.

शाकाहाऱ्यांची वेगळी नोंद होई. ते मांसाचा हिस्सा सोडत आणि बदल्यात जास्त चीज घेत. कांदा रेशनवर नव्हता, कारण तो नव्हताच! तो यायचा फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून आणि चॅनेल बेटांवरून. १९४०मध्ये ते सगळं जर्मनांच्या हाती गेलं. मग एखादा कांदा म्हणजे लॉटरीचं बक्षीस. लासलगावच्या माणसानं ही ओळ पुन्हा ऐकावी.

पावावर युद्धभर रेशन नव्हतं, पण पाव बदलला. १९४२पासून ‘नॅशनल लोफ’. गव्हातला कोंडा फारसा काढायचा नाही, म्हणजे तेवढ्याच जहाजांत जास्त पीठ. करड्या रंगाचा, जड, लोकांना न आवडलेला. आज साधारण तोच पाव पौष्टिक म्हणून जास्त पैशांना विकतात.

आणि दंड होता. १९४३मध्ये लंडनजवळच्या बार्नेटमध्ये एका बाईंना पक्ष्यांना पाव टाकू दिल्याबद्दल १० पौंड दंड झाला. हसऱ्या बटाट्याच्या पाठीमागे पोलीस उभा होता, हे विसरायचं नाही.

पण त्या पोलिसाहून मोठी गोष्ट म्हणजे हमी. युद्धाआधी, १९३६मध्ये, जॉन बॉइड ऑर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की ब्रिटनमधल्या सुमारे निम्म्या लोकांना चांगल्या आरोग्यासाठी पुरेल असा आहार मिळत नाही. युद्धात अन्नमंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार जॅक ड्रमंड यांनी ही उणीव भरून काढायला घेतली. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना स्वस्त दूध, जिथे परवडत नाही तिथे फुकट. कॉड माशाचं तेल. संत्र्याचा रस. बॉम्ब पडत असताना त्या देशातलं बालमृत्यूचं प्रमाण युद्ध संपेपर्यंत खाली आलं. डॉक्टर गाजर लोकांना खरा वाटला, कारण रेशन कार्ड घेऊन दुकानात गेलं की ठरलेला जिन्नस मिळत होता.

(दृश्य : नकाशा. लंडनवरून कॅमेरा पूर्वेकडे सरकतो. रंगून.)

आता डॉर्मन-स्मिथ. ‘भाजी लावा’ सांगणारे तेच कृषिमंत्री १९४१मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. गव्हर्नर निसटले आणि त्यांचं सरकार सिमल्याला येऊन बसलं. ब्रह्मदेशातून भारतात येणारा तांदूळ बंद झाला.

त्याच वर्षी भारत सरकारनंही मोहीम काढली : ‘अधिक धान्य पिकवा’. घोषणा तशीच, पण मागचं कोठार नव्हतं. जपानी येतील या भीतीनं किनारी बंगालातल्या नावा सरकारनं काढून घेतल्या, मोडल्या. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरवर चक्रीवादळ आलं. सैन्याच्या खर्चानं भाव भडकले. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी तांदूळ राखला गेला, खेड्यातल्या भूमिहीनाला तो विकत घेता येईना. भारतातून धान्यासाठी जहाजांची मागणी होत राहिली. लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळानं जे दिलं ते मागितल्याच्या मानानं फार थोडं होतं. १९४३च्या त्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं गेली.

(दृश्य : काळ्या शाईची रेखाटनं. आवाज नाही. दहा सेकंद.)

दुष्काळाची ही चित्रं बंगालचे चित्रकार झैनुल आबेदिन यांची. सामान बांधायच्या स्वस्त कागदावर, काळ्या शाईत काढलेली. कुठल्याही खात्यानं ती मागवली नव्हती.

मुंबईत मे १९४३मध्ये धान्याचं रेशन सुरू झालं. कलकत्त्याला ते पुढच्या वर्षी मिळालं.

(दृश्य : मशीद बंदर स्टेशनबाहेरची गर्दी, हातगाड्या. मग एका जुन्या इमारतीचं दार.)

आणि ज्या जहाजांसाठी हा सगळा आटापिटा होता, त्यांवर होतं कोण? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. कोकणातले, गोव्यातले, गुजरातचे, सिल्हेटचे. इंजिनाजवळ कोळसा ओढणारे, डेकवर दोर ओढणारे, त्यांचे मुकादम म्हणजे सारंग आणि टिंडेल. गोवेकर बहुतेक वेळा जहाजाच्या स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या दालनात असत. लंडनला पोचणारा गहू आणि लोणी यांच्याही हाताखालून गेलं होतं.

मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांच्या सहा हजारांहून अधिक माणसांचं. बाहेर मसाल्याच्या गोण्या उतरत असतात.

जहाजावरच्या खलाशांच्या बोलीत स्वयंपाक्याला एक शब्द होता : भंडारी.

(दृश्य : दार. आतला अंधार. पोस्टर पुन्हा येत नाही.)