जोड जुळेपर्यंतची वीस मिनिटं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'रोजच्या जगण्यातलं समाधान'. त्याकडे येतोच. पण मिरजेत बोलायचं तर तंबोऱ्यापासूनच सुरुवात करू द्या. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे सतारी-तंबोरे घडवायला सुरुवात केली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथेच घर केलं. १९३७ साली ते गेल्यावर त्यांचं दफनही इथेच झालं. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता सांगा, किती जणांच्या घरी तंबोरा गवसणीत घालून भिंतीला टेकवलेला आहे? हात वर करा. बघा, किती हात! टेकवून ठेवू नका हो, घसरला की भोपळ्याला तडा गेलाच. आडवा ठेवा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जे तंबोरा बाहेर काढतात, ते मोबाईलवरच्या ट्यूनरचा काटा बघून तो सुरात लावतात. काटा मधोमध आला की झालं. कानाचं काम डोळ्यानं केलं, मग कान शिकणार कसा?

कानानं लावायचा तर असा लावा. आधी पंखा बंद करा. त्याच्या घरघरीत बारकावे हरवतात. पहिल्यांदा मधल्या दोन तारा घ्या, म्हणजे जोड. एक तार पेटीच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला लावा. दुसरी मुद्दाम थोडी उतरवून खालून वर आणा. खुंटी पिळताना आत दाबत राहा, नाहीतर हात सोडला की ती परत फिरते. गुळगुळीत झाली असेल तर जरासा खडू लावा. आता दोन्ही तारा एकामागोमाग छेडा. आवाजात हेलकावे ऐकू येतील. दोन तारांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. फरक कमी होईल तसे ते लांबत जातात आणि जोड जुळली की थांबतात. हा शेवटचा टप्पा खुंटीनं साधत नाही, तिथे तारेत ओवलेला मणी सरकवायचा.

मग खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची जाड तार, मग पंचम, म्हणजे 'प'ची. इथे नवखा माणूस वैतागतो, कारण चौथी तार लागेपर्यंत पहिली उतरलेली असते. यात त्याचं काही चुकलेलं नसतं. एक तार ताणली की तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा आणि तिच्याखालच्या लाकडी तबलीवरचा दाब बदलतो. दुसरी फेरी करावीच लागते, पावसाळ्यात तिसरीसुद्धा. शेवटी जवारीचा, म्हणजे घोडीच्या घासलेल्या माथ्यावरचा, दोरा. तारेखाली तो केसभर पुढे-मागे करायचा. जागा चुकली तर तार मुकी वाजते, बरोबर बसला की ती खुलते. मग खर्ज छेडल्यावर वरचा गंधार आपोआप ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना तो ऐकू येत नाही. तार तीच असते, कान तयार झालेला नसतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. तर मूळ मुद्दा घाईतच सांगतो. काल न ऐकू आलेलं आज ऐकू येणं, माणूस वाढतो तो इथे. त्यासाठी निवडायचं काम असं हवं, की चूक त्या कामातच दिसावी, कुणी शाबासकी द्यायची वाट बघावी लागू नये, आणि चूक त्याच बैठकीत सुधारता यावी. तंबोराच हवा असं नाही. शाळूची भाकरी घ्या. थापताना कडा फाटल्या तर पीठ जुनं आहे किंवा मळणं कमी पडलंय. तव्यावर टाकून वरून फिरवलेलं पाणी पार वाळायच्या आत उलटली नाही, तर भेगा पडतात आणि ती फुगत नाही. पुढची भाकरी लगेच हातात आहे, सुधारा. रोज वीस मिनिटं, वेळ ठरलेली आणि काम एकच. दर आठवड्याला नवा छंद धरलात तर कान किंवा हात तयार व्हायच्या आधीच सोडून द्याल.

आणि घरी जाऊन आज गवसणी उघडणार असाल, तर गंजलेल्या तारा आधी बदला. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतच राहतात, घाबरू नका. जवारीवर खाचा पडल्या असतील तर घरी पॉलिशपेपर मारू नका. कारागीर आपल्याच गावात आहेत, त्यांच्याकडे न्या.