इस्तंबूलमध्ये चहा कुठे प्यावा

[वाफाळणारी किटली, जवळून]

एकावर एक बसवलेल्या या दोन किटल्या. खालच्या मोठ्या किटलीत नुसतं पाणी, वरच्या छोटीत पत्तीचा दाट अर्क. जोडीला म्हणतात चायदानलक, वरच्या भांड्याला देमलिक. इस्तंबूलमध्ये चहाची जागा निवडताना आधी ही जोडी दिसते का ते पाहा. पर्यटकांच्या हाती आग्रहाने दिला जाणारा ‘सफरचंदाचा चहा’ बहुधा साखर आणि स्वाद घातलेली पूड असते. त्यात चहाची पत्तीच नसते.

[हानचा जिना, टांगता ट्रे]

ग्रँड बाजाराभोवतीच्या हानांमध्ये शिरा. हान म्हणजे मधल्या चौकाभोवती उभ्या असलेल्या जुन्या व्यापारी इमारती. त्यांच्या जिन्याखाली किंवा बोळाच्या टोकाला चहाची लहानशी खोली असते. तिथून हे ट्रे दुकानोदुकानी फिरतात. अनेक ठिकाणी दुकानदार प्लॅस्टिकची टोकनं आधीच घेऊन ठेवतात आणि ग्लासामागे एक देतात. इथे दिवसभर गिऱ्हाईक असल्यामुळे अर्क शिळा व्हायला वेळच मिळत नाही.

[पत्ती देमलिकमध्ये पडते]

आता हात नीट पाहा. पाच जणांसाठी सहा चमचे पत्ती. खाली पाणी तापत असताना वर पत्ती कोरडीच ठेवतात; वाफेने ती गरम होते, वास सुटतो. पाण्याला खळखळून उकळी आली की त्यातलं साधारण अर्धा लिटर पत्तीवर ओततात, खालची किटली पुन्हा भरतात आणि आच मंद करतात. मग पंधरा ते वीस मिनिटं थांबायचं. तरंगणारी पत्ती तळाशी बसली की अर्क तयार. देमलिक थेट आचेवर ठेवून उकळलं तर चहा कडवट होतो. अर्धा-पाऊण तास उलटला की चव उतरते. अशा अर्कात नवी पत्ती टाकून भागवणारी जागा सोडून द्यावी.

[ग्लास, उजेडासमोर]

ग्लासात एक तृतीयांश अर्क गाळून, वर उकळतं पाणी. काठाशी बोटभर जागा मोकळी, ग्लास तिथेच धरायचा असतो. रंग माणकासारखा लाल आणि आरपार दिसायला हवा. गढूळ दिसला तर अर्क शिळा किंवा निवलेला. दूध नाही. कडक हवा असेल तर ‘देमली’ म्हणा, फिका हवा असेल तर ‘आचक’. ग्लासावर चमचा आडवा ठेवलात, की ‘आता पुरे’ असा अर्थ होतो.

[रिझेचे उतार, पिशवी लावलेल्या कात्र्या]

ही पत्ती काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागातली. इथल्या लागवडीसाठी 1924 मध्ये कायदा झाला, बियाणं शेजारच्या जॉर्जियातून आलं आणि पहिला कारखाना 1947 मध्ये सुरू झाला. मे ते ऑक्टोबर हा तोडणीचा हंगाम. हिवाळ्यात याच झुडपांवर बर्फ पडतो. नत्रखतांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने इथली माती मात्र फार आम्ल झाली आहे.

[पाकिटं, दुकानाचं फळकूट]

घरी न्यायचं तर रिझेची पत्तीच घ्या. आपली दाणेदार सीटीसी (यंत्रात चुरडून गोळीदार केलेली) पावडर अर्क झटकन सोडते. वीस मिनिटं देमलिकमध्ये ठेवली तर चहा तुरट होतो. चायदानलक नसेल तर पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर घट्ट बसेल अशी लहान किटली ठेवूनही काम भागतं.