पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल

श्रोतेहो, नमस्कार.

वरुड-मोर्शीचा संत्रा असो की हिंगणघाटच्या जिनिंगला जाणारा कापूस, आपल्या वावरातला माल आता पिकअपवर निघतो. यातल्या बहुतेक गाड्यांना हातानं टाकायचा गिअर आहे आणि अजून बरीच वर्षं तोच राहील. पण इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स अशा गाड्या ऑटोमॅटिक गिअरमध्ये मिळायला लागल्या, तशा त्या तालुक्याच्या गावातही दिसू लागल्या. कुणी बागायतदारानं हौसेनं घेतलेली, कुणाकडे ठेकेदाराकडून सेकंडहँड आलेली. क्लच दाबायचा ताप नाही, म्हणून मालक खूश. इंजिन ऑइल वेळेवर बदलतो. गिअरबॉक्सचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कंपनीनंच तं सांगतलं, याचं ऑइल जलमभर बदलवा लागत नाही."

मी आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. हे वाक्य ऐकलं की मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक मागतो. ते बहुधा डिकीत किंवा घरी कपाटात, प्लॅस्टिकसकट कोरं असतं. त्यात साधा वापर आणि कठीण वापर असे दोन हिशेब दिलेले असतात. कठीण वापर म्हणजे काय? जास्त ऊन, धूळ, भारी ओझं, घाट, ट्रॉली ओढणं. आता मला सांगा, मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, गाडीत कांद्याची नाहीतर खताची पोती, आणि रस्ता अर्धा पांदणीचा. साधा वापर यात बसवायचा कुठं? जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगभरच्या मोटारींसाठी असे गिअरबॉक्स बनवते. ती आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांत बदला म्हणते. आपल्याकडचं ऊन आणि ओझं धरून मी ६० हजाराच्या आसपासच सांगतो. सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीचा कागद नसेल, तर आल्याबरोबर.

याला इतकं महत्त्व का, ते थोडं समजून घ्या. साध्या गिअरबॉक्सात ऑइल दातांवर वंगण म्हणून असतं, तेवढंच त्याचं काम. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाकडचा पंखा ऑइल फेकतो, त्या ऑइलच्या माऱ्यानं समोरचा पंखा फिरतो आणि गाडी हलते. गिअर बदलायचा तर पंपानं दाब दिलेलं ऑइल बारीक वाटांतून जाऊन क्लचच्या प्लेटा आवळतं. वंगण तेच, उष्णता वाहून नेणारं तेच. ते बिघडलं तर दाब पुरत नाही, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, आणि तापलेलं ऑइल आणखी बिघडतं.

खरी गंमत पावसाळ्यात. काळ्या मातीत पिकअपचं मागचं चाक रुतलं. साध्या गाडीत क्लच जळाल्याचा वास येतो म्हणून माणूस थांबतो. ऑटोमॅटिकमध्ये तसा वास लगेच येत नाही. ड्रायव्हर 'डी'मध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर दाबून धरतो, चाक जागचं हलत नाही, आणि इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळण्यात, म्हणजे ते तापवण्यात जाते. एरवी ८०-९० अंशांवर चालणारं ऑइल मिनिटांत १२० च्या पुढं जाऊ शकतं. मिस्त्री लोकांचा ढोबळ ठोकताळा असा की ऑइल दहा अंशांनी जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून चाक रुतलं तर चाकाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या, दगड, काय मिळेल ते टाका. ट्रॅक्टर बोलवा. पण तसं दाबून धरू नका. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीनं चढताना हातानं खालचा गिअर धरून ठेवा, तेवढ्यानंही ऑइल कमी तापतं.

आता प्रत्यक्ष काम. घरी करण्यासारखं आहे, पण घाईनं करण्यासारखं नाही. जागा सपाट हवी. जॅकच्या भरवशावर किंवा विटांच्या थरावर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, चारही बाजूंनी लोखंडी घोड्या हव्यात. विटा फुटतात. शेजारी मळणी चालू असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा, भुसा उघड्या गिअरबॉक्सात जातो.

पहिला पाना खालच्या बुचाला लावायचा नाही. आधी ऑइल भरायचं बूच उघडून बघायचं. बाजूचं, वरचं, जिथं असेल तिथं. ऑइल सगळं खाली सांडून बसलं आणि मग कळलं की भरायचं बूच गंजून जाम झालंय, तर गाडी अंगणातच राहिली म्हणायची. हा नियम साध्या गिअरबॉक्सालाही लागू.

मग खालचं बूच उघडा, ऑइल मोजता येईल अशा भांड्यात घ्या आणि किती निघालं ते लिहून ठेवा. नवं ऑइल बहुधा डाळिंबाच्या रसासारखं लाल आणि आरपार दिसणारं असतं. निघालेलं तपकिरी असेल तर फार काळजी नाही. काळं आणि जळकट वासाचं असेल तर प्लेटा झिजल्यात. गढूळ गुलाबी निघालं तर मात्र थांबा. रेडिएटरच्या पोटात गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी असेल आणि ती फुटली असेल, तर कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, ऑइलमध्ये मिसळतं. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, आधी रेडिएटर.

नंतर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट, काढायचा. एका कोपऱ्याचे बोल्ट आधी ढिले करा, म्हणजे राहिलेलं ऑइल तिकडून ओघळतं, तुमच्या तोंडावर येत नाही. चेंबरच्या तळाला दोन-चार चुंबकं चिकटलेली असतात. काम शिकायचं तर इथं जरा वेळ द्या. चुंबक काढून बोटानं पुसा. त्यावर राखाडी, मऊ मळी असते, दोन बोटांत चोळली तर काजळासारखी पसरते, खरखर लागत नाही. ही रोजच्या झिजेची, ती असणारच. पण चोळताना बोटाला टोचलं, उन्हात धरल्यावर लोखंडाचे किस चमकले, तर आत एखादं बेअरिंग किंवा दात तुटतोय. त्या दिवशी नवं ऑइल ओतून पैसे वाया घालवू नका, गाडी जाणत्याकडे न्या.

फिल्टर चेंबरच्या वर असतो. काहींत नमद्यासारख्या कापडाचा, तो टाकून नवा लावायचा. काहींत तारेची जाळी, ती धुऊन वापरता येते. काही गाड्यांत फिल्टर आणि प्लॅस्टिकचा चेंबर एकच, तिथं अख्खा चेंबर बदलावा लागतो, महाग जातो. फिल्टरच्या मानेवरची रबरी रिंग कधी कधी वरच अडकून राहते. ती काढायची राहिली आणि दुसरी चढवली, तर पंप हवा ओढतो. बोट फिरवून बघा.

आणि पुसायला कॉटन वेस्ट नको. हे मी कापसाच्या मुलखात सांगतोय, पण एक बारीक धागा व्हॉल्व्हच्या वाटेत अडकला की गिअर पडायचा राहतो. धागे न सुटणारं कापड घ्या. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापायची सवयही इथं सोडा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि फिल्टरवर जाऊन बसतं. नवं पॅकिंग कोरडंच बसवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. हे बोल्ट लहान असतात आणि त्यांना फार कमी जोर लागतो. चाकाच्या नटासारखा जोर लावला तर चेंबरची कड वाकते आणि मग गळती थांबत नाही. जोर मोजणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तम, आकडा पुस्तकात असतो.

ऑइल कोणतं, याबद्दल मी जरा कडक आहे. खेड्यातल्या दुकानात पॉवर स्टिअरिंगसाठी लाल ऑइलचा डबा असतो. "तेही लाल, हेही लाल, टाकून देऊ" असं म्हणणारे मिस्त्री आहेत. रंग नुसता गळती ओळखता यावी म्हणून घालतात. टोयोटाला डब्ल्यूएस नावाचं ऑइल लागतं, कुणाला डेक्सरॉन ६ नावाचं, कुणाचं आणखी वेगळं. पुस्तकात जे लिहिलंय तेच आणि सीलबंद डब्यातलंच. प्लेटांनी किती घसरायचं आणि कधी पकडायचं हे ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. एकेकाळी अमेरिकेत त्यासाठी व्हेलचं तेल घालत असत. १९७० च्या दशकात व्हेल वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली, तेव्हा कारखान्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली.

भरताना आधी जेवढं निघालं तेवढंच भरा. नंतर इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून एकानं गिअरची दांडी 'पी', म्हणजे पार्किंगपासून 'डी'पर्यंत सावकाश फिरवून परत 'पी'ला आणायची. ऑइल मोजायची पट्टी असलेल्या गाडीत पट्टी बघा. नव्या गाड्यांत पट्टी नसते. तिथं ऑइल ठराविक तापमानाला, बहुतेक ठिकाणी ४० अंशांच्या जवळपास, आलं की खालचं मापाचं बूच उघडतात. आधी धार पडते, मग ती बारीक होत सुतासारखी होते, मग थेंब थेंब. थेंबांवर आली की बूच लावायचं. तापमान गाडीला जोडायच्या स्कॅनर यंत्रावर बघा, हात लावून नाही.

इथं विदर्भाची अडचण बघा. मे महिन्यात दुपारी सावलीत उभी असलेली गाडीच ४५ अंशांची. इंजिन चालू करायच्या आधीच मापाची वेळ टळलेली! गरम ऑइल फुगतं, जास्त सांडतं, आणि गार झाल्यावर आत कमी उरतं. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा, रात्रभर गार झालेल्या गाडीवर. ऑइल कमी राहिलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर घुसळून फेस होतो. नुकसान दोन्हीकडून.

चेंबरमधून सगळं ऑइल निघत नाही, निम्मंच निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. पहिल्या वेळी निम्मं नवं, हजारेक किलोमीटरनं पुन्हा केलं की पाऊणभर, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी टक्के. माझ्या मते जुन्या गाडीला हेच बरं. मशीननं दाब देऊन धुवायला देऊ नका, सुटलेला गाळ नको तिथं जाऊन बसतो. आणि गाडी आधीच घसरत असेल, तर नव्या ऑइलनं झिजलेली प्लेट भरून येत नाही.

निघालेलं ऑइल उधई लागू नये म्हणून खांबाला फासायचं किंवा विहिरीच्या कडेला ओतायचं, हे बंद करा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. पाणी न मिसळता डब्यात भरा आणि गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या.

हातगिअरच्या गाडीवाल्यांसाठी दोन गोष्टी. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा ऑइलचा प्रकार लिहिलेला असतो. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-५ आणू नका, त्यातलं गंधक गिअरच्या पितळी रिंगा खाऊ शकतं. आणि मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्याचं, ऑइल वेगळं असतं. ते बदलायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

शेवटचं, गाडी बंद पडली तर. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, पोरं गोळा करून उपयोग नाही. आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून दोरानं ट्रॅक्टरमागं ओढतही नेऊ नका. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरली की गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो. मागची चाकं उचलून न्या. गाडी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर सरळ ट्रकवर चढवा.

नमस्कार.