मानशीवरचा बोर्ड आणि डीटीआरची तार

गोव्यातलं चोडण बेट. भरतीचं पाणी चढतंय आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, लाकडी दारं त्याच पाण्याच्या रेट्याने मिटताहेत. ओहोटी लागली की ती आपसूक उघडतील. खाजन शेतीचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीचा, हा कारभार पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आलाय.

दाराशेजारच्या डब्यात सीएच340 या यूएसबी चिपचा ऊनो बोर्ड (छोटा आर्डुइनो संगणक) आहे, बॅटरीवर चालणारा. रात्री पाणी कुठवर चढलं, तो सर्वांत मोठा आकडा त्याच्या 2 किलोबाइट मेमरीत असतो. सकाळी इंजिनीअरिंगची मुलं लॅपटॉप जोडून तो विचारतात. उत्तर येतं, शून्य.

आता मीटरकडे बघा. लाल टोक चिपच्या डीटीआर (डेटा टर्मिनल रेडी) पिनवर, 5 व्होल्ट. प्रोग्रॅमने पोर्ट उघडला, आणि व्होल्टेज खाली! या पिनवर व्होल्टेज खाली म्हणजे डीटीआर चालू. ही तार 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटला जाते. बोर्ड नव्याने सुरू होतो, मेमरी कोरी.

प्रोग्रॅमचा यात काही दोष नाही. सिरियल पोर्टचं आरएस-232 हे मानक 1960 चं. संगणक तयार आहे, हे मोडेमला कळवायचं ते डीटीआरने. लिनक्स आजही पोर्ट उघडतानाच डीटीआर आणि त्याच्या जोडीची आरटीएस (रिक्वेस्ट टू सेंड) ही खूण दोन्ही चालू करतं. प्रोग्रॅमच्या हातात पोर्ट येतो तो त्यानंतर. एचयूपीसीएल ही पोर्टची सेटिंग बंद केली तर पोर्ट मिटताना डीटीआर उतरत नाही, पण केबल काढून लावली की पुन्हा तेच. दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच हवी.

स्क्रीनवर सीएच341 ड्रायव्हरची फाइल आहे; सीएच340 लाही हाच ड्रायव्हर लागतो. हे डीटीआर-आरटीएसचं फंक्शन: 'ऑन' आलं की दोन्ही बिट चढवायचे. मुलांनी त्यात एक मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हर चढवताना ठरवता येणारी सेटिंग, घातला: डीटीआर चढवायचा की नाही. डिफॉल्ट 'हो'च ठेवलं, कारण मोडेमसारखी कितीतरी यंत्रं डीटीआरवाचून बोलतच नाहीत. या लॅपटॉपवर मात्र 'नाही'. ज्याचं यंत्र, त्यालाच हे ठरवता यायला हवं. सोर्स खुला आहे, म्हणून तर हे काम बांधावर बसून होतंय.

मेक चालवून ड्रायव्हरचं मॉड्यूल कंपाइल केलं. आरएमएमॉडने जुनं मॉड्यूल उतरवलं, इनएसमॉडने नवं चढवलं. पोर्ट उघडला. मीटर 5 वरच.

या नोंदींवरून बांध कुठे उंच करायचा ते ठरेल, खारं पाणी शेतात शिरायच्या आत. बोर्डात नवा प्रोग्रॅम भरताना आता रिसेटचं बटण हाताने दाबावं लागेल, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की मॉड्यूल पुन्हा कंपाइल करावं लागेल.